वाचकांचे प्रश्न: फीत, तबकडी, फाँट आणि मोबाइल

ठाणे आणि नवी मुंबईतून या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या रूपांत दिसते: घरात जपलेलं गाणं, लग्न, अंक किंवा नाटक आता चालवायचं कशावर? उत्तरं देताना आम्ही एक गोष्ट सतत समोर ठेवली आहे. प्रत्येक ऐवजावर तो ज्या यंत्रातून निघाला त्याची खूण असते. ती न ओळखता साफसफाई केली, तर कचऱ्याबरोबर ऐवजही जातो.

प्रश्न: आईच्या भजनी मंडळाच्या तीसेक कॅसेट घरी आहेत, साधारण १९८५ ते १९९५ मधल्या. जुना डेक अजून चालतो. कॅसेट संगणकावर घ्यायच्या आहेत, पण आवाज दबका येतो आणि सगळ्यांचा सूर चढा वाटतो. काय करावं? (वाचक, नौपाडा, ठाणे)

आधी पावसाळा संपू द्या. ओल्या हवेत फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर कपाटातली हवासुद्धा दमट असते. दिवाळीनंतर काम काढा.

प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून वेढे बघा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या चुंबकी भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या. मग फितीच्या मागचा, पितळी पट्टीवर बसवलेला फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का ते बघा. गोंद वाळला की तो गळून पडतो, फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबतो किंवा येतो-जातो. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडून फितीची दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येतात. चिकटवलेली असेल तर सांध्यात पातळ पातं घालून हलक्या हाताने उघडावी लागते. ९० मिनिटांची फीत ६० मिनिटांच्या फितीपेक्षा बरीच पातळ असते, तिला बोटाने ओढू नका.

वाजवण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेले वेढे सैल होतात आणि वाजवताना वेग डगमगत नाही. हेड आणि धातूची कांडी कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी चाकाला मात्र अल्कोहोल नको, रबर कडक होतं. तिथे सौम्य साबणाचं पाणी पुरतं. जुन्या फितींची पूड झडते, म्हणून दर चार-पाच कॅसेटनंतर ही सफाई परत करा.

एवढं करूनही आवाज दबका असेल, तर बहुधा हेडचा कोन चुकलेला आहे. मंडळातल्या ज्या टेपरेकॉर्डरवर भजनं भरली, त्याचं हेड किंचित तिरकं असेल तर तुमच्या सरळ हेडवर वरच्या पट्टीतले आवाज पुसट होतात. हेडच्या बाजूला दोन स्क्रू असतात. त्यातल्या स्प्रिंगवाल्या स्क्रूने हा कोन बदलतो. मूळ जागी रंगाचा ठिपका द्या. दोन्ही वाहिन्या एकत्र करून, म्हणजे मोनोत, टाळ असलेला भाग वाजवा आणि चुंबकत्व नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडं थोडं फिरवा. टाळांची किणकिण सर्वांत स्वच्छ येते तो कोन बरोबर. टाळांइतकी चांगली कसोटी दुसरी नाही. दुसऱ्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आली की हे पुन्हा करावं लागेल. डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर कमी करणारं, बटण बंद ठेवा. घरगुती टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटना ते सहसा लागू नसतं, आणि चालू ठेवलं तर आवाज आणखी दबतो.

जोडणी डेकच्या मागच्या 'लाइन आउट'मधून करा, हेडफोनच्या भोकातून नको. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा एकाच वाहिनीचं आणि खरखरीचं असतं. लाइन इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल ठेवा. सर्वांत मोठ्या गजरालाही पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ९५० एमबी लागतात. तीस कॅसेट मिळून ३० जीबीच्या आत बसतात, म्हणून जागा वाचवायला थेट एमपी३ करण्याचं कारण उरत नाही.

आता चढा सूर. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालायला हवी. देवळात वीज नसली की टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की भरतानाच फीत हळू फिरायची, आणि आज ती योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. भरताना सेल उतरत गेले असतील तर शेवटचं भजन पहिल्यापेक्षा जास्त चढलेलं असेल. दोन्ही टोकं तपासा. त्या वेळची पेटी मंडळात अजून असेल तर तिच्याशी सूर जुळवा, कारण पेटीचा सूर गळ्यासारखा बदलत नाही. एक अर्धस्वर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक. दुरुस्ती करताना वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा. नुसता सूर उतरवलात तर लय खोटी राहील. रेकॉर्डर विजेवर होता अशी शंका असेल तर ध्वनीचा आलेख काढा: विजेच्या गुणगुणीची ५० हर्ट्झवरची एक रेघ तुमच्या डेकची, आणि तिच्या शेजारी ५२-५३ वर दुसरी दिसली तर ती भजन भरलं त्या दिवसाची. तिला ५० वर आणलं की वेग आपोआप बरोबर होतो.

खरखर घालवण्याचा मोह आवरा. फितीची खरखर आणि टाळ एकाच उंच पट्टीत असतात. सॉफ्टवेअरने १५-२० डेसिबल कापले की आधी टाळ जातात आणि आवाज पाणी भरल्यासारखा होतो. ५-६ डेसिबलवर थांबा, आणि तेही वेगळ्या प्रतीवर. मूळ वेव्ह फाइलला हात लावू नका. कॅसेटच्या आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कोण गातंय, कुठे गातंय हे फक्त त्या अक्षरात असतं.

प्रश्न: १९९४ च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली. सगळे जाडे दिसतात, हात हलला की आडव्या रेघा येतात, खाली एक थरथरती पट्टी आहे. कॅसेट खराब झाली का? (वाचक, ऐरोली)

कॅसेट बहुधा चांगली आहे. दोष रूपांतराचा आहे. त्या काळचा पडदा ४ रुंद, ३ उंच अशा प्रमाणात होता. दुकानाने तो १६:९ मध्ये ताणला, म्हणून माणसं फुगली. रेघा येतात त्या पाल या तेव्हाच्या आपल्या टीव्ही पद्धतीमुळे. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. काचेच्या नळीच्या टीव्हीला हे हवंच होतं. आजचा पडदा दोन्ही हप्ते एकदम दाखवतो आणि हाताच्या कडेला कंगवा दिसतो. खालची पट्टी प्रत्येक व्हीएचएसवर असते. ती जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची.

दुकानात परत जा आणि नेमकं मागा: ७२० बाय ५७६, प्रमाण ४:३, सेकंदाला २५, रेघा न मिसळता, डीव्ही या डिजिटल व्हिडिओच्या किंवा बिनतोटा, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या, स्वरूपात. डीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणून छोटा पेनड्राइव्ह नेऊ नका. ही मूळ प्रत. घरच्यांना बघायला हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेसचा, म्हणजे दोन हप्ते सुटे करण्याचा, 'बॉब' पर्याय निवडून सेकंदाला ५० चित्रांची फाइल बनवा. हात, पदर, अक्षता सगळं मऊ हलतं. आवाज ओठांच्या पुढे-मागे जात असेल, तर स्वस्त कॅप्चर यंत्राने चित्रं गाळली आहेत. वेळ सुधारणारं उपकरण, म्हणजे टाइम बेस करेक्टर, असलेलं दुकान शोधा.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. त्या काळी छायाचित्रकार चित्रीकरणानंतर 'मिक्सिंग' करून देत. फुलांच्या चौकटी, हृदयाच्या आकारातून उघडणारी दृश्यं आणि मूळ आवाजाच्या जागी सिनेमाची गाणी. व्हिडिओचा दिवा आला तशी लग्नाची चालही बदलली होती. हार घालताना थांबायचं, घास भरवताना कॅमेऱ्याकडे बघायचं. ही सगळी त्या काळाची नोंद आहे, तिला कापू नका. पण घरात किंवा छायाचित्रकाराकडे न मिसळलेली कॅसेट उरली असेल तर ती आधी उतरवा. भटजींचे मंत्र, आत्यांची उखाण्यांवरून चाललेली थट्टा, आजीचा आवाज, हे तिथेच सापडेल.

प्रश्न: मी शास्त्रीय गायन शिकते. जुन्या तबकड्यांवरचे ख्याल आणि नाट्यपदं तीन मिनिटांत संपतात. ती कापलेली असतात का? आणि आम्ही दीड मिनिटाचे व्हिडिओ टाकतो तेव्हा नेमकं तेच करतोय का? (वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

कापलेली नाहीत, तेवढ्यासाठीच रचलेली आहेत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत, १२ इंचीवर चार-साडेचार. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा विजेचा मायक्रोफोनच नव्हता. गायिका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायची आणि कर्ण्याच्या टोकाचं पातं मेणावर रेघ कोरायचं. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोवरला. शेवटी गायिका इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, म्हणजे तिथल्या कामगारांना लेबल लावता यायचं. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ झालं आणि मग हळू गाणं, श्वास, कुजबुज पकडता येऊ लागली. सावकाश आलापीला जागा मिळाली ती १९४८ मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीमुळे. तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं बसतात.

म्हणून जुनी तबकडी ऐकताना तिची रचना बघा. आलाप पाच-दहा सेकंद, अस्थायी एकदा, लगेच अंतरा, तान मोजकी, आणि मुखड्यावर नेमकी समाप्ती. काय सोडायचं हे त्या कलावंतांनी गाण्याआधी ठरवलेलं असे. दोन तासांच्या मैफिलीतली सर्वांत वेगवान तान कापून काढलेला व्हिडिओ वेगळा; त्यात मागे काहीच उभं केलेलं नसतं. ९० सेकंदच हाती असतील तर ९० सेकंदांसाठी बांधा: मध्य लयीतली बंदिश, दोन आवर्तनांत अस्थायी, एक बढत, एक छोटी तान, समेवर शेवट. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खर्ज ऐकूच येत नाही, म्हणून तानपुरा किंचित वर घ्या.

घरी तबकड्या असतील तर दोन इशारे. ७८ च्या खाचेला सुमारे ०.०७६ मिलिमीटर टोकाची सुई लागते. लाँग प्लेची ०.०२५ ची सुई तळाला घासते आणि खरखर वाढवते. आणि ७८ ची तबकडी लाखेची असते, तिला अल्कोहोल चुकूनही लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने. लेबल कोरडं ठेवा.

प्रश्न: मंडळाची स्मरणिका १९९८ पासून पेजमेकरमध्ये जुन्या मराठी फाँटात होते. नव्या संगणकावर सगळी इंग्रजी अक्षरं दिसतात. मजकूर परत मिळेल का? (वाचक, नेरुळ)

मिळेल. जुने फाँट मराठीचा मजकूर साठवतच नव्हते. ते इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार दाखवायचे, आणि प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. फाँट नाही म्हटल्यावर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आधी फाइलमधल्या फाँटचं पूर्ण नाव शोधा, आकड्यांसकट. एकाच घराण्यातल्या दोन फाँटांची मांडणी वेगळी असू शकते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्व संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नेणारा त्या फाँटसाठीच बनवलेला परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरा आणि आधी एकच पान करून बघा.

मग छापील अंक शेजारी ठेवून वाचा. चुका ठरलेल्या जागी होतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, ती भलत्या अक्षरावर जाते. रफार एक अक्षर सरकतो. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' तुटतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. फाइलभर एकच प्रकार ठेवा, नाहीतर शोध घेताना अर्धे शब्द सापडत नाहीत. तसंच 'ॲ'चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. त्याआधीच्या मजकुरात अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे असतात. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. 'शोधा आणि बदला' वापरून एकदाच सारखं करा. शेवटी मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. अनेक फाँट तेव्हाच आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात.

फाइलच उघडत नसेल तर छापील पानं ३०० ते ४०० डीपीआयवर स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या मोफत प्रोग्रॅमला मराठी भाषा देऊन वाचायला लावा. जोडाक्षरांत चुका राहतील, तरी पुन्हा टाइप करण्यापेक्षा काम खूप हलकं होतं. आणि मुद्रितशोधन माणसानेच करावं, शक्यतो ज्याने तो अंक तेव्हा वाचला होता त्याने.

प्रश्न: आमच्या एकांकिकेचा प्रयोग मोबाइलवर चित्रित केला. चेहरे पांढरे फटक, प्रकाश लुकलुकतो, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि शेवटी ओठ-आवाज जुळत नाही. (वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

चार वेगळे दोष, चार वेगळी कारणं. मोबाइल काळोख बघून उजेड वाढवतो आणि स्पॉटमधला चेहरा जळतो. मॅन्युअल नियंत्रण देणारं कॅमेऱ्याचं ॲप घ्या, सर्वांत उजळ प्रसंगात चेहऱ्यावर एक्स्पोजर लावून ते कुलूपबंद करा. काळोखाचे प्रसंग काळोखातच दिसू द्या, प्रकाशयोजनाकाराने ते तसेच रचले आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० आणि सेकंदाला २५ चित्रं ठेवली की बहुतेक लुकलुक थांबते. कॅमेरा नवव्या-दहाव्या रांगेत, मध्यावर, स्टँडवर. संपूर्ण रंगमंच दिसणारी एक चौकट सुरुवातीपासून शेवटपर्यंत न हलवता घ्या. जवळची दृश्यं दुसऱ्या मोबाइलने. फोन विमान मोडवर, बॅटरी जोडलेली, आणि तासाभराला ८ जीबी मोकळी जागा.

आवाज कॅमेऱ्याच्या जागी कधीच चांगला मिळत नाही. गडकरी रंगायतन असो वा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, आवाजाला मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. २० मीटरवर तो दीड चित्र (फ्रेम) उशिरा पोहोचतो, आणि भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो. रंगमंचाच्या कडेला दोन छोटे रेकॉर्डर ठेवा, पण खाली जाड फोम घाला. नुसत्या लाकडावर ठेवलेत तर पावलांचे ठोके येतील. ध्वनिसंयोजकाला विचारून मिक्सरच्या लाइन आउटमधून तिसरी प्रत घ्या. त्या प्रतीत संवाद स्वच्छ येतील, पण प्रेक्षकांचा हशा येणार नाही, म्हणून ती एकटी वापरू नका. प्रेक्षागृहाचा आवाज तिच्याखाली मंद मिसळा. हशा गेला की विनोदी एकांकिकेतले थांबे विनाकारण लांबलेले वाटतात.

ओठ न जुळण्याचं कारण मोबाइलचा बदलता चौकट-वेग. तो सेकंदाला कधी २५, कधी २४ चित्रं घेतो. संकलनाआधी हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल नव्याने बनवून घ्या. पडदा उघडण्यापूर्वी एक टाळी, पडल्यावर एक टाळी, सगळ्या यंत्रांसमोर. दोन्ही टाळ्या जुळल्या की मधलं सगळं जुळतं.

प्रश्न: आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की मीडियम वेव्हवर नुसती गुरगुर. (वाचक, सीबीडी बेलापूर)

एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोसायटीची लिफ्ट यांतले स्विचिंग पुरवठे नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट करतात. सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर लावून घराचा मुख्य स्विच बंद करा. गुरगुर थांबली तर दोषी घरातच आहे. एकेक उपकरण चालू करत शोधा. थांबली नाही तर खिडकीबाहेर, विजेच्या तारांपासून लांब, पाच-सात मीटरची वायर अँटेना म्हणून लावा. आणि तो रेडिओ बरीच वर्षं बंद होता तर आता पुन्हा थेट प्लगला लावू नका. आतले जुने कपॅसिटर गळके झालेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि काही संचांत उघडी चेसिस थेट विजेशी जोडलेली असते. आधी व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या कारागिराकडून कपॅसिटर बदलून घ्या.